परदेशी पोस्टिंगवर निघालेल्या घरांसाठी दोन तास द्या

ठाणे आणि नवी मुंबईतल्या माजी सैनिक संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सगळे सुभेदार साहेब, हवालदार साहेब, नाईक साहेब,

जय हिंद.

मागणी आधी सांगते, कारणं मागून. तुमच्या संघटनेनं वर्षातून दोनदा दोन तासांची एक बैठक घ्यावी. ज्या घरांना परदेशी पोस्टिंगची ऑर्डर आली आहे, त्या घरातल्या बायकांनी तिथं यावं. जी घरं परदेशात राहून परत आली आहेत, त्यांच्या बायकांनी त्यांच्याशी बोलावं. प्रमुख पाहुणे नकोत, हार-तुरे नकोत. पुरुषांनी बाहेर चहा प्यायला हरकत नाही.

मी कोपरखैरण्याला राहते. माझे सासरे, आमचे नाना, जावळीतून मुंबईला आले ते माथाडी म्हणून. मशीद बंदरला पाठीवर गोणी वाहिल्या, कांदा-बटाट्याचा बाजार तुर्भ्याला आला तसे तेही खाडी ओलांडून आले आणि माथाड्यांच्या घरांत आम्हाला छप्पर मिळालं. त्यांचा थोरला, म्हणजे माझा नवरा, फौजेत गेला, सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि आता ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत सिक्युरिटी ऑफिसर आहे. म्हणजे तुमच्यातल्या निम्म्या लोकांची गोष्ट तीच आमची. मधली काही वर्षं आम्ही भूतानमध्ये होतो. त्या वर्षांवरून हे पत्र लिहिते आहे.

दर २६ जुलैला, कारगिल विजय दिनाला, तुम्ही आम्हा बायकांना शाल-श्रीफळ देता. भावना कळते, आणि नारळाचं काहीतरी होतं. पण माझ्या कपाटात आता शालींची थप्पी झाली आहे आणि कोपरखैरण्याच्या हवेत तिचा उपयोग काय हे तुम्हीच सांगा. शालीची गरज होती तेव्हा मी भूतानमधल्या ‘हा’ नावाच्या गावात होते आणि तिथं काय नेसायचं, काय पांघरायचं हे सांगणारं माणूस मला नवी मुंबईत मिळालं नव्हतं. असं माणूस नव्हतं असंही नाही. दोन सेक्टर पलीकडे एक कुटुंब त्याच पोस्टिंगवरून नुकतं परत आलेलं होतं. ते आम्हाला कळलं आम्ही परत आल्यावर, कॅन्टीनच्या रांगेत.

परदेश म्हटल्यावर आमच्या गल्लीत काय झालं ते तुम्हाला ओळखीचं असेल. जाऊबाईंनी चॉकलेटची यादी दिली, कुणी डॉलरचा भाव विचारला, एका काकांनी मोठा टीव्ही स्वस्त पडेल का म्हणून विचारलं. भूतानमध्ये डॉलर नसतो. तिथं ङुल्ट्रम चालतो आणि १९७४ साली तो सुरू झाला तेव्हापासून त्याची किंमत आपल्या रुपयाइतकीच आहे. शंभराला शंभर. टीव्ही तर त्या देशात आला तोच १९९९ मध्ये. हे सांगितल्यावर काकांचा चेहरा पडला आणि आमची पोस्टिंग एकदम फिकी झाली.

फौजेतून परदेशी जाण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि घराच्या दृष्टीनं ते एकमेकांसारखे अजिबात नाहीत. काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉन इथं संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जवान जातो तेव्हा घर इथंच राहतं. तिथला प्रश्न फोनचा आणि वाट बघण्याचा. वकिलातीतल्या डिफेन्स विंगमध्ये अधिकाऱ्याबरोबर कार्यालयीन कर्मचारी म्हणून थोडे जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार), हवालदार जातात. ते कुटुंब घेऊन एखाद्या मोठ्या राजधानीत राहतात आणि त्यांचा प्रश्न शाळा, भाडं, भाषा असा. नेपाळमध्ये काठमांडू, पोखरा आणि धरान इथं आपल्या गोरखा निवृत्तांसाठी पेन्शनची कार्यालयं आहेत, तिथंही आपली माणसं असतात. आणि भूतानमध्ये इम्ट्रॅट आहे, म्हणजे भारतीय सैन्याचं प्रशिक्षण पथक. १९६२ पासून ते तिथल्या सैन्याला शिकवतं आहे. त्याच्या एक वर्ष आधीपासून सीमा सडक संघटनेचा दंतक प्रकल्प त्या देशात रस्ते बांधतो आहे. माझ्या ओळखीत जवान आणि जेसीओंच्या ज्या बायका परदेशात राहून आल्या, त्या बहुतेक भूतान किंवा नेपाळमध्येच राहिल्या. त्यामुळे लंडन-न्यूयॉर्कच्या कल्पना डोक्यातून काढून टाकणं हेच बैठकीचं पहिलं काम असेल.

आता तुम्ही म्हणाल, युनिट सगळं सांगते की. सांगते, पण जवानाला. काय न्यायचं, कुठं रिपोर्ट करायचं, कुठली कागदं लागतील हे यांना चोख सांगितलं गेलं होतं. घरी येऊन यांनी मला ते एका वाक्यात सांगितलं: “सगळं मिळतं तिथं, काळजी करू नको.” पुरुषाला ‘सगळं’ म्हणजे काय वाटतं ते आपण जाणतोच. त्या भरवशावर मी काळ्या पेटीत साड्या भरल्या आणि बाजरीचं पीठ मागं ठेवलं.

कल्याणहून न्यू जलपाईगुडीपर्यंत रेल्वे, मग चहाच्या मळ्यांतून जयगाव. जयगाव आपलं, पश्चिम बंगालमधलं. मधे एक रंगीत कमान, कमानीपलीकडे फुंछोलिंग, दुसरा देश. एका बाजूला हॉर्न, गर्दी, चिखल. दुसऱ्या बाजूला गाड्या झेब्रा क्रॉसिंगवर आपोआप थांबतात. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. गाडी त्याच्यासाठी थांबली आहे हे त्याच्या लक्षातच येईना, तो आपला वाशीच्या सवयीनं गाडी जायची वाट बघत उभा. तिथून रस्ता चढत जातो तो दिवसभर. छुझोमला दोन नद्या मिळतात आणि तिथून थिंपूचा, पारोचा आणि हाचा असे रस्ते फुटतात. हा हे गाव साधारण २,७०० मीटरवर आहे. २००२ पर्यंत त्या खोऱ्यात परदेशी पर्यटकांना सोडतसुद्धा नव्हते. पारोकडून त्या खोऱ्यात उतरायचं तर जवळजवळ ४,००० मीटरवरची चेले ला खिंड ओलांडावी लागते. महाबळेश्वरच्या थंडीला थंडी म्हणणाऱ्या माणसांनी हे आकडे नीट वाचावेत.

पहिल्या आठवड्यात मला रडवलं ते डाळीनं. उघड्या पातेल्यात तूर डाळ चढवली, तास झाला, दीड तास झाला, पाणी खळखळ उकळतंय आणि डाळ आपली दाण्याला दाणा. मला वाटलं डाळ जुनी असेल. शेजारच्या क्वार्टरमधल्या गढवाली ताईनं येऊन सांगितलं की इथं पाणी लवकर उकळतं म्हणून ते कमी गरम असतं. तिचं खरं होतं. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, त्या उंचीवर साधारण ९१ अंशांनाच उकळायला लागतं आणि त्यापुढं तापत नाही. डाळ कुकरमध्येच लावायची, ती आदल्या रात्री भिजवायची आणि शिट्या इथल्यापेक्षा जास्त घ्यायच्या. कुकरची जास्तीची रिंग आणि शिटी इथूनच न्यायची, कारण ऐन डिसेंबरात रिंग फाटली तर डाळ शिजायची कशी? मला हे कोपरखैरण्यातच कुणी सांगितलं असतं तर पहिला आठवडा सुखाचा गेला असता. पोह्यांचं मात्र काही अडत नाही.

दुसरी गोष्ट बुखारी. खोलीत मधोमध पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर. ती पेटवणं हे काम नवऱ्याचं नाही, कारण नवरा पहाटेच परेडला गेलेला असतो. लाकूड ओलं असेल तर धूर आत येतो. सगळी दारं-खिडक्या गच्च लावून रात्रभर ती पेटती ठेवून झोपायचं नाही, त्यात जीव जाऊ शकतो. हे शेवटचं वाक्य बैठकीत तीनदा सांगा. बाकीचं एकदा सांगितलं तरी चालेल.

तंबाखूचंही सांगायला हवं, आणि ते पुरुषांनीही ऐकावं. भूतानमध्ये २००४ पासून तंबाखूच्या विक्रीवर बंदी होती, २०१० मध्ये कायदा आणखी कडक झाला आणि २०११ मध्ये एका तरुण भिक्खूला तंबाखूच्या पुड्यांसाठी तीन वर्षांची शिक्षा झाली. आमच्याकडं साताऱ्याच्या एका पठ्ठ्याच्या पेटीत वर्षभराचा तंबाखू-चुना होता. फुंछोलिंगच्या आधीच कुणीतरी त्याला शहाणं केलं म्हणून निभावलं. पुढं कायदा सौम्य झाला आणि २०२१ पासून विक्री पुन्हा सुरू झाली. पण पाहुण्या देशातले नियम बदलत असतात, ते निघताना ताजे विचारून घ्यावेत, यासाठी तर बैठक हवी. गंमत म्हणजे तिथली माणसं पान-सुपारी मात्र दिवसभर खातात. डोमा म्हणतात त्याला. आमच्या सासूबाई तिथं सुखानं राहिल्या असत्या.

लोकांविषयी लिहायला बसले तर पत्र संपायचं नाही. हाच्या बाजारात एक बाई दुकान चालवायची. ती मला हिंदीत दटावायची, कारण मी भाव करायचे. दुकानात राजाचा फोटो, त्याखाली तिचा चुलीवरचा भात. मिरची ती फोडणीला घालत नव्हती. मिरचीचीच भाजी, चीज घालून, आणि आपण कोल्हापूर-साताऱ्याची माणसं तिखटाचा तोरा मिरवतो तो तिथं पहिल्या घासाला उतरतो. हिवाळ्यात त्यांचा लोंबा सण येतो, तेव्हा कुट्टूच्या पिठाचे होंते करतात, आत सलगमचा पाला आणि चीज. तिनं मला डबाभर दिले. रिकामा डबा परत द्यायची आपली रीत नाही, म्हणून मी त्यात तिळाच्या वड्या घालून दिल्या. त्यानंतर भाव तिनं स्वतःहूनच कमी लावला. २०१२ मध्ये भूतानमध्ये भारतीय रुपयाची टंचाई झाली तेव्हा तीच मला म्हणाली, तुझ्याकडं तुमच्या नोटा असतील तर त्याच दे. आता तिथं २०२१ पासून भीम यूपीआय चालतं, तेव्हा जाणाऱ्यांना नोटांची एवढी चिंता नको.

आणि त्याच बरोबर सांगायचं ते हे की तिथं आपण फौजेचे पाहुणे असतो. झोंगमध्ये (किल्ल्यासारखा मठ आणि कचेरी) किंवा देवळात जाताना नीट झाकलेले कपडे, डोक्यावर टोपी नाही, राजाविषयी थट्टा नाही, चोर्तेनला, म्हणजे स्तूपाला, नेहमी उजवीकडं ठेवून वळसा. भारतानं आम्हाला रस्ते दिले असं ते लोक आपणहून म्हणतात. ते आपण म्हणायचं नसतं. आपल्यातली काही माणसं म्हणतात आणि मग बाजारात थंड वागणूक का मिळते म्हणून कुरकुरतात. हा माझा अनुभव आहे, रागवायचं तर रागवा.

आता १८ सप्टेंबर २०११. रविवार होता. अनंत चतुर्दशी होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी सिक्कीमकडं ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. भूतानमध्ये सगळ्यात जास्त नुकसान झालेल्या भागांत हा आणि पारो होते. लाकडी छत करकरलं, फडताळातले स्टीलचे डबे एकामागून एक खाली आले, मी मुलाला उचलून बाहेर. मातीच्या जाड भिंतींच्या जुन्या घरांना उभ्या चिरा पडल्या होत्या. त्या रात्री आमच्या लाइनीत कुणी आत झोपलं नाही. हे ड्यूटीवर निघून गेले. फौज अशा वेळी आपल्या कामाला लागते, त्यात तक्रार नाही.

इकडं कोपरखैरण्यात टीव्हीवर सिक्कीम, गंगटोक, मधेच खाली पट्टीवर भूतान. फोन लागेना. नानांकडं फक्त यांचा भूतानचा नंबर होता, तो बंद. युनिटचा लँडलाइन नंबर, इथल्या एखाद्या माणसाचा नंबर जो आतल्या रस्त्यानं विचारून सांगेल, काही काही नव्हतं. घरच्यांजवळ हे ठेवावं असं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि म्हाताऱ्या माणसाला ते सुचणार तरी कसं? रात्रभर नाना पायरीवर बसून होते म्हणे. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा फोन लागला. तुमच्यातल्या एखाद्या निवृत्त साहेबाला कुणाला फोन करायचा हे त्या रात्री नक्की माहीत असतं. फक्त नानांना तुम्ही माहीत नव्हता आणि तुम्हाला नाना.

म्हणून मागणीचा दुसरा भाग. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांची नोंद ठेवा. सैनिकावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांना लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. आपल्याकडून जवळचं मोठं म्हणजे कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी. कोपरखैरण्याहून कुलाबा म्हणजे आधी वाशी, मग हार्बरनं सीएसएमटी, मग बस, आणि आत गेल्यावर कुठल्या खिडकीवर कुठलं कार्ड दाखवायचं ही तिसरीच परीक्षा. मुलगा भूतानमध्ये असताना नाना शुगरच्या गोळ्यांसाठी तिकडं एकटे जायचे, किंवा जायचेच नाहीत आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून स्वतःच्या पैशानं घ्यायचे. तुमच्याकडं पन्नाशी-साठीतले धडधाकट सभासद आहेत, रोज सकाळी बागेत फिरायला जाणारे. महिन्यातून एकदा एका म्हाताऱ्याबरोबर अश्विनीला जायला त्यांना सांगितलं तर ते आनंदानं जातील. मला त्याविषयी शंका नाही. त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

जाणं सोपं असतं हो. परत येणं अवघड.

आमचा मुलगा तिथल्या शाळेत शिकला. शाळेत घो घालून जायचा, तो लांब झगा कंबरेला घट्ट बांधून गुडघ्यापर्यंत वर खेचायचा असतो आणि ते सहा वर्षांच्या मुलाला जमत नाही. मलाही जमत नव्हतं. शेवटी एका मोठ्या मुलानं त्याला शिकवलं. शिकवणं इंग्रजीतून, झोंगखा ही तिथली भाषा सक्तीची. शाळेचं वर्ष साधारण फेब्रुवारीत सुरू होतं आणि डिसेंबरात संपतं, मग कडाक्याच्या थंडीची सुट्टी. आपलं वर्ष जूनमध्ये सुरू. त्यामुळे परत आलेलं मूल एकतर सहा महिने घरी बसतं किंवा वर्ग संपायच्या तोंडावर मधेच घुसवावं लागतं. त्यात त्याला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, हिंदी वाचता येतं ते सिनेमाच्या पोस्टरपुरतं, आणि गणित बरोबर करून ते उत्तर झोंगखात पुटपुटतं.

इथल्या एका शाळेत, नाव घेत नाही, आम्हाला सांगितलं गेलं की परदेशी शाळेचा दाखला आहे, यावर वरून सही-शिक्का आणा, तोपर्यंत प्रवेश नाही. आणि मराठी येत नाही तर एक वर्ग खाली बसवू. आम्ही दोघं गुमान ऐकत उभे. हे गणवेशात असते तर कदाचित सूर वेगळा लागला असता, पण तसे ते कधी कुठं जात नाहीत.

आता मला माहीत आहे ते प्रत्येक परतणाऱ्या आईला माहीत हवं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत बदली होऊन येणाऱ्या मुलाचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्या कारणावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवायचं आणि जे मागं पडलं असेल त्यासाठी वेगळं शिकवायचं, हा मुलाचा हक्क आहे. सहा ते चौदा वर्षांपर्यंत हा कायदा आहे. नववी-दहावीच्या मुलाचं गणित वेगळं, म्हणून त्या वयाचं मूल असेल तर पोस्टिंगवर न्यायचं की नानांजवळ ठेवायचं याचा विचार ऑर्डर आल्याच दिवशी करावा. शिवाय २०२० पासून महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. ती असायलाच हवी. पण याचा अर्थ असा की तिकडं असताना आईनं रोज अर्धा तास मराठी वाचून घ्यायचं, म्हणजे परत आल्यावर रडारड नाही. पुस्तकं काळ्या पेटीत सगळ्यात खाली घालावीत, डबे त्यावर. डबे तिकडंही मिळतात.

नेपाळमध्ये राहून आलेल्या ऐरोलीच्या एका वहिनींनी मला याच संदर्भात एक गोष्ट सांगितली. परदेशात केंद्रीय विद्यालयं तीनच ठिकाणी आहेत: काठमांडू, मॉस्को आणि तेहरान. काठमांडूत असाल तर मुलाचा अभ्यासक्रम तुटत नाही, पोखऱ्यात असाल तर तो प्रश्न उभाच. वहिनी पोखऱ्यात होत्या. शंभर रुपयांचे तिकडचे एकशे साठ होतात, शनिवारी सुट्टी आणि रविवारी कामाला जायचं, घड्याळ आपल्यापुढं पंधरा मिनिटं. भूतानमध्ये अर्धा तास. तेवढ्या पंधरा मिनिटांनी त्यांच्या आईचा फोन रोज भलत्या वेळी यायचा, भाकरी तव्यावर असताना. या वहिनी बैठकीत बोलायला तयार आहेत. मी विचारून ठेवलं आहे.

नोकरी करणाऱ्या बायकांचा विषय मी थोडक्यात उरकते, कारण त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. पोस्टिंगवर गेलेल्याच्या बायकोला परदेशात सहजी नोकरी करता येत नाही. माझी एक मैत्रीण नर्स होती, पक्की नोकरी सोडून गेली आणि परत आल्यावर कंत्राटी म्हणून लागली. तिनं जावं की न जावं हे तुम्ही-आम्ही सांगू शकत नाही. पण जाण्याआधी बिनपगारी रजेचा अर्ज कसा करतात, किती दिवस मिळू शकते, हे तिला कुणी शेजारी बसून सांगितलं असतं तर तिनं राजीनामा देण्याआधी दोनदा विचार केला असता.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत. आमच्या घरीच एक माजी सैनिक आहे, त्यानं ते सगळे मांडून झाले.

पहिला गोपनीयतेचा. साहेब, कुठली युनिट कुठं हलली, किती माणसं आहेत, हे आम्ही नवऱ्यालाही विचारत नाही आणि विचारलं तरी तो सांगत नाही. डाळ किती शिट्यांनी शिजते हे शत्रूला कळलं तर कळू दे.

दुसरा, त्यासाठी आवा आहे ना, म्हणजे आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन, १९६६ पासून. आहे आणि तिचं काम मोठं आहे. ते छावणीत चालतं. कोपरखैरणे, कामोठे, कळवा ही छावणी नाही. नवरा फील्डला असतो तेव्हा आम्ही बायका मुलांना घेऊन इथंच सासरी राहतो, आणि परदेशी ऑर्डर आली की इथूनच पेट्या उचलून निघतो. मधे छावणी लागतच नाही. आमच्या आसपास जे सैनिकी आहे ते तुम्हीच आहात.

तिसरा, व्हॉट्सअॅप ग्रुप आहे की. आहे. त्यावर सकाळी तिरंग्याची चित्रं येतात, दुपारी पेन्शनचं परिपत्रक आणि संध्याकाळी त्यावरून भांडण. त्यात एखाद्या नव्या सुनेनं बुखारीविषयी विचारावं अशी अपेक्षा करू नका. शिवाय त्या ग्रुपवर बायका नाहीतच.

चौथा, वर्षाला अशी घरं किती? थोडीच असतील. एखाद्या बैठकीला दोन बायका येतील, एखादीला एकही येणार नाही. न आल्यास आम्ही परत आलेल्या बायका आपसात बसू आणि जे आठवतं ते वहीत लिहून काढू. पुढच्या वेळी जी येईल तिला वही द्यायची. या वहीला तुमच्या संघटनेचं नाव घाला, आमची नावं नकोत.

प्रत्यक्षात काय हवं ते सांगते. सभासदत्वाच्या फॉर्मवर सेवेचा काळ, रेजिमेंट, पदकं असे रकाने आहेत. त्यात एक रकाना वाढवा: कुटुंबासह परदेशी पोस्टिंग, देश आणि साल. म्हणजे कुणाच्या घरात कुठली माहिती पडून आहे ते एका नजरेत कळेल. ज्यांची मुलं अजून सेवेत आहेत अशा सभासदांनी मुलाला ऑर्डर आल्यावर कार्यालयात फक्त एक फोन करावा. मागं राहणाऱ्या आई-वडिलांच्या घरी, फोनजवळच्या भिंतीवर, युनिटचा संपर्क आणि तुमच्यातल्या एका माणसाचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून लावावा. नानांनी आमच्याकडं तो आता खडूनं दारामागं लिहिला आहे, जरी मुलगा निवृत्त होऊन रोज घरी जेवायला येतो.

बैठक शक्यतो रविवारी दुपारी ठेवा, ट्रान्स-हार्बर लाइनच्या एखाद्या स्टेशनाजवळ, म्हणजे ठाण्याच्या आणि पनवेलकडच्या दोघींनाही एका गाडीनं येता येईल. शाळा सुटलेल्या वर्गाची खोली मिळाली तरी चालेल, पंखा चालू हवा. मुलांना आणू द्या, ती मागं खेळतील. चहाचा खर्च आमचा. तुमच्या पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि त्या सभेला मला बोलवलंत तर मी येईन. यांना विचारू नका, ते म्हणतील सगळं मिळतं तिथं.

आपली,
कोपरखैरण्याच्या एका निवृत्त सुभेदाराची पत्नी